वाचकांचे प्रश्न : प्रसूती कक्षाने मागितलेले आणि इतरांनी लादलेले

प्रसूतिसेवेचे शिक्षण घेत असलेल्या किंवा ते पूर्ण करून आज त्याच कामात असलेल्या स्त्रियांच्या घरांतून आलेली तीन पत्रे या वेळी निवडली आहेत. तिन्ही खानदेशातली आहेत. नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले असून पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातली. बारावीनंतर ए.एन.एम. (सहायक परिचारिका आणि प्रसूतिसेविकेचा अभ्यासक्रम) केले आणि धडगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रात कंत्राटी काम केले. लग्नानंतर, मुलगी नुकती चालायला लागली असताना, जी.एन.एम.ला (परिचर्या आणि प्रसूतिसेवेच्या पदविकेला) प्रवेश मिळाला. शिक्षणाचे ठिकाण घरापासून लांब होते आणि वसतिगृहात राहणे सक्तीचे होते, म्हणून मुलगी सासूबाईंजवळ राहिली. फीसाठी माझी सोन्याची पोत मोडली. त्या काळात एकही आखाजी (अक्षय्य तृतीया) मी माहेरी केली नाही, आणि श्रावणात घरी कानबाई देवी बसली तेव्हा तिच्या नैवेद्याच्या रोटांनाही मी घरात नव्हते. मुलीला डेंग्यू झाला म्हणून तिला दवाखान्यात ठेवले होते, तेव्हा मी रजा मागितली, तर केसबुक (बाळंतपणांच्या नोंदींची वही) अपुरे असल्याचे सांगून ती नाकारली गेली. आज मी एका ग्रामीण रुग्णालयात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आहे, नोकरी कायम आहे आणि घर बरेचसे माझ्या पगारावर उभे राहिले आहे. यजमानांची कधीच तक्रार नव्हती. पण मुलगी आता चौथीत आहे आणि वेणी घालायला, वहीवर सही घ्यायला, पोटात दुखले तर सांगायला ती आजीकडेच जाते. आता मिडवाइफरीच्या (प्रसूतिसेविकेच्या) अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी माझे नाव सुचवले आहे. ते कळल्यापासून रात्री झोप लागत नाही. तेव्हा केले ते योग्य होते का, आणि तेच पुन्हा करावे का?
– एक अधिपरिचारिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : तुमच्या पत्रात वसतिगृहातले दिवस, मोडलेली पोत, हुकलेली आखाजी, नाकारलेली रजा आणि आजीकडे धावणारी मुलगी हे सगळे एकापाठोपाठ एक आणि एकाच सुरात आले आहे, जणू हे सर्व प्रसूतिसेवेनेच तुमच्याकडून मागून घेतले. मला तसे वाटत नाही. यातले काही या कामाने खरोखरच मागितले, काही संस्थेने आपल्या सोयीसाठी तुमच्यावर लादले, आणि काही घरातल्या माणसांनी आपला वाटा न उचलल्यामुळे तुमच्या आणि सासूबाईंच्या अंगावर आले. हे निरनिराळे केल्याखेरीज पुढच्या अठरा महिन्यांविषयी तुम्हाला नीट ठरवता येणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

आधी कामाने काय मागितले ते पाहू. पहिलटकरणीच्या कळा जोर धरल्यावर बाळंत होईपर्यंत बारा तासही लागू शकतात. त्या सगळ्या वेळात निदान दर अर्ध्या तासाने बाळाचे ठोके ऐकायचे असतात, पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे मोजायचे असते, ते पार्टोग्राफवर (प्रसूतीची प्रगती दाखवणाऱ्या तक्त्यावर) मांडायचे असते, आणि ठोके मिनिटाला 110 पेक्षा कमी किंवा 160 पेक्षा जास्त झाले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवायचे असते. बाळ बाहेर आल्यावर मिनिटाच्या आत गर्भाशय आवळून धरणाऱ्या ऑक्सिटोसिनचे 10 युनिट द्यायचे, वार पडल्यावर ती उजेडात धरून तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना ते तपासायचे, आणि त्यानंतरचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी गर्भाशयावर हात ठेवून ते चेंडूसारखे घट्ट आहे की सैल पडत चालले आहे हे पाहायचे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव हे आपल्या देशातील मातामृत्यूंचे प्रमुख कारण आहे आणि तो बहुधा याच दोन तासांत सुरू होतो. पाळी सकाळी आठला संपत असेल आणि बाई साडेसातला बाळंत झाली असेल, तर चांगली शिकणारी मुलगी आठला निघत नाही, निदान निर्धास्त मनाने निघत नाही. घट्ट आणि सैल यांतला फरक पुस्तकातून कळत नाही, तो हाताला कळावा लागतो, आणि हात शिकतो तो बहुतेक वेळा रात्री, कारण बाळंतपणे रात्रीही तितकीच होतात.

म्हणून त्या रात्री तुम्ही मुलीजवळ नव्हतात याचा दोष कुणाकडेच जात नाही. पण नुकसान झाले ते खरेच आहे. ते पगाराने भरून निघाले, किंवा शेकडो बाळंतिणींच्या आशीर्वादाने फिटले, असे मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही स्वतःची तशी समजूत घालू नये. मुलीची ती लहानपणीची वर्षे तुम्हाला पुन्हा मिळणार नाहीत. हे मान्य करूनही हे काम निवडणे योग्य होते असे मानता येते, आणि मी तसेच मानते.

नाकारलेल्या रजेची गोष्ट मात्र अगदी निराळी आहे. केसबुकात ठराविक संख्येने बाळंतपणे पाहिल्याची आणि स्वतः केल्याची नोंद, परिसेविकेच्या (वॉर्डच्या प्रमुख परिचारिकेच्या) सहीसह, असावीच लागते. त्याबद्दल माझे दुमत नाही. पण केसबुक अपुरे का राहते? रुग्णालयात होणाऱ्या बाळंतपणांच्या मानाने विद्यार्थिनी जास्त असल्या की एकेका केससाठी मुलींना ताटकळत बसावे लागते, एकीने पाहिलेली केस दुसरीला मिळत नाही, आणि मग शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचीच धावपळ होते. हे नियोजन विद्यार्थिनीने केलेले नसते. आजारी मुलीच्या आईला चार दिवसांची रजा देऊन त्या केसेस नंतर भरून घेता आल्या असत्या, आणि त्यामुळे तुमची प्रसूतिविद्या तिळमात्र कच्ची राहिली नसती. आपल्याकडचे परिचारिकांचे शिक्षण लष्करी आणि मिशनरी रुग्णालयांच्या शिस्तीत वाढले. वसतिगृहातली मुलगी अविवाहित आहे आणि तिच्यामागे घर नाही, असे त्या शिस्तीने गृहीत धरले. पुण्यात 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन ही स्त्रियांसाठीची संस्था उभी राहिली आणि तरुण विधवा परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागल्या, तेव्हा घराबाहेर राहण्याची सोय हा त्यांच्यातल्या अनेकींना मोठा आधार वाटला असणार. आज अंगावर पिणारे मूल सोडून येणाऱ्या विद्यार्थिनीला तेच वसतिगृह शिक्षेसारखे वाटते, आणि नियम मात्र फारसे हललेले नाहीत. जे लादले गेले त्याचा तुम्ही गौरव करू नका. त्याचा गौरव झाला की पुढच्या मुलीवरही तेच लादायला संस्थेला संकोच वाटत नाही.

हे विशेष आग्रहाने लिहिण्याचे कारण असे की आज तुमच्या हाताखाली विद्यार्थिनी येत असतील. त्यांच्यापैकी एखादीचे मूल घरी तापाने फणफणलेले असेल. ‘आम्हीही हे सोसले आहे’ हे वाक्य आपल्या वॉर्डांमध्ये फार सहज उच्चारले जाते आणि त्याने कुणाचेही भले झालेले मी पाहिलेले नाही. तिला घरी जाऊ द्या आणि परतल्यावर तिची केस भरून निघेल अशी पाळी लावून द्या. अधिपरिचारिकेला परिसेविकेशी बोलून एवढे निश्चितच करता येते.

आता घराविषयी. तुमच्या पत्रात यजमानांसाठी एकच वाक्य आहे : त्यांची कधीच तक्रार नव्हती. तक्रार नसणे म्हणजे साथ असणे नव्हे. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा तिच्या उशाशी कोण बसले होते, प्लेटलेट्स किती आहेत हे डॉक्टरांना कोण विचारत होते, दर महिन्याला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत मुलीला कोण घेऊन येत होते, हे तुम्ही लिहिलेले नाही. कदाचित ते यजमान असतील, आणि तसे असेल तर माझे शब्द मागे घेते. पण आई शिकायला गेली म्हणजे मूल आजीकडे गेले, बापाच्या दिनक्रमात मात्र काहीही बदलले नाही, अशी घरे मी खानदेशात पुष्कळ पाहिली आहेत. मुलगी तुमच्यापासून दुरावली असे तुम्ही म्हणता. ती वडिलांच्या किती जवळ आहे, याचाही विचार करून पाहा.

मुलगी आजीकडे जाते याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे, पण सासूबाईंशी त्यावरून चढाओढ करू नका. ज्या हातांनी तिला वाढवले त्या हातांकडे ती जाणारच, आणि ते तिच्या चांगल्या संगोपनाचे लक्षण आहे. एखादी छोटी, ठरलेली गोष्ट तुमची आणि तिची म्हणून ठेवा, जी पाळ्या बदलल्या तरी मोडणार नाही. शनिवारी डोके न्हाऊ घालणे असो की रोज दहा मिनिटे तिच्याकडून मोठ्याने धडा वाचून घेणे असो. तुमचे काम काय आहे ते तिला समजेल अशा भाषेत सांगा. चौथीतल्या मुलीला बाळ कसे जन्मते आणि त्या वेळी आईला जवळ कुणीतरी हवे असते हे सांगायला हरकत नाही. फक्त ‘हे सगळे मी तुझ्यासाठीच केले’ असे तिला कधी म्हणू नका. ते पूर्ण खरे नाही, आणि जे तिने मागितलेच नव्हते त्याचे ऋण तिच्या डोक्यावर बसते.

राहिला अठरा महिन्यांचा प्रश्न. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर 2018 मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानुसार आधीच परिचारिका असलेल्यांना बारा महिने शिक्षण आणि सहा महिने प्रत्यक्ष सराव असे हे प्रशिक्षण असते, आणि त्यानंतर गुंतागुंत नसलेले बाळंतपण प्रशिक्षित मिडवाइफने स्वतःच्या जबाबदारीवर करावे, डॉक्टरांची गरज पडेल तेव्हाच त्यांना बोलवावे, अशी कल्पना आहे. तुमच्या भागात याची किती गरज आहे हे तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जाणता. सातपुड्यातल्या पाड्यावरून बांबूच्या झोळीत रस्त्यापर्यंत आणलेली पावरा किंवा भिल्ल बाई, दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली आणि भरत आलेल्या दिवसांत परतलेली बाई, रक्त कमी, कधी सोबत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तिला मराठी नीट समजत नाही, टेबलावर उताणे झोपवले की ती घाबरते, आणि उकिडवे बसून किंवा कुशीवर होऊन बाळंत होता येते हे आपल्याकडच्या अनेक प्रसूती कक्षांना अजून मान्य नाही. प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ तिच्या घरची एक बाई राहू शकते, हे केंद्र सरकारने 2016 मध्येच मान्य केले असूनही ती सोबतीण पुष्कळदा दाराबाहेरच बसलेली दिसते. धडगावच्या उपकेंद्रात काम केलेली, तिथली बोली कानाला सवयीची असलेली, ए.एन.एम. आणि जी.एन.एम. या दोन्ही पायऱ्या चढलेली परिचारिका हे शिक्षण घेऊन त्याच भागात परत आली, तर त्या बायकांचे बाळंतपण बदलेल.

माझा कौल असा की जावे, पण या वेळी अटी आधी ठरवून जावे. प्रशिक्षणाच्या काळात पगार चालू राहील का आणि परतल्यावर नेमणूक प्रसूती कक्षातच मिळेल का, हे लेखी घ्या, कारण शिकून आलेल्या परिचारिकेला दुसऱ्याच वॉर्डात किंवा नोंदवह्यांच्या टेबलावर बसवणे हा त्या शिक्षणाचा सर्वांत मोठा अपव्यय आहे. कुटुंबासह राहण्याची परवानगी आहे का ते विचारा. असेल तर मुलीचे एखादे शालेय वर्ष तुमच्याजवळ जाऊ शकते. आणि यजमानांशी बसून, सासूबाईंच्या समोर, मुलीच्या आजारपणात, परीक्षेत आणि सुट्यांत कोण काय करणार हे नावानिशी ठरवा. एवढे होत नसेल, तर पुढच्या तुकडीची वाट पाहण्यात कमीपणा नाही. झोपेची तक्रार मात्र अंगावर काढू नका. आपल्याच रुग्णालयातल्या डॉक्टरांना सांगा.

प्रश्न : माझी सून जळगावला जी.एन.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची रावेर तालुक्यात केळी आहे. नातू बालवाडीत जातो आणि तो माझ्याजवळच असतो. सून फार कष्ट करते, घरासाठी किती सोडते, असे भाऊबंद म्हणतात आणि ते खरेच आहे. पण माझे गुडघे गेले आहेत, चैत्रात वणीच्या गडावर पायी जायची माझी रीत सुटली आहे आणि त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. असे मनात येणे हा माझा कोतेपणा आहे का?
– एक आजी, रावेर तालुका

उत्तर : अजिबात नाही. सूनबाईंच्या शिक्षणाचा अर्धा भार आपल्या गुडघ्यांवर उभा आहे, आणि तो कुणी बोलून दाखवावा असे वाटणे यात गैर काहीच नाही. उलट आपण हे आताच लिहिले याचा मला आनंद झाला, कारण पुढचे वर्ष अधिक जड जाणार आहे. जी.एन.एम.मध्ये प्रसूतिविषयक शिक्षण मुख्यत्वे तिसऱ्या वर्षी येते, त्याला जोडून इंटर्नशिप असते, आणि त्या काळात प्रसूती कक्षातल्या रात्रपाळ्यांमुळे सूनबाईंचे घरी येणे आणखी कमी होईल. तेव्हा नातवाची व्यवस्था आतापासून लावायला हवी. आपल्या पत्रात आपल्या मुलाचा उल्लेखही नाही. नातवाला बालवाडीत सोडणे, आणणे, रात्री जवळ घेऊन झोपवणे ही कामे बापाने करायची आहेत; केळीच्या बागेतली कामे असतात हे मला ठाऊक आहे, पण कामे आपल्या सुनेला आणि आपल्यालाही आहेतच की. घरकामाला एखादी बाई लावता येत असेल, तर तो खर्च फीइतकाच आवश्यक समजावा. गुडघे अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्यासाठी सूनबाईंच्या सुटीची वाट पाहू नका.

वणीचे म्हणाल तर पायी जाणे डॉक्टरांना विचारूनच ठरवा, एस.टी.ने जाऊनही देवीचे दर्शन होते. कसेही जा, पण जायचे आहे हे घरात आताच सांगा आणि त्या दिवसांत नातू कोणाजवळ राहील हे मुलाकडून कबूल करून घ्या. सूनबाईंशीही मोकळेपणाने बोला. आपण थकलो आहोत हे ऐकून ती शिक्षण सोडील अशी भीती आपल्याला वाटत असावी, म्हणून आपण गप्प राहिला असाल. माझा अनुभव असा आहे की या मुलींना सासूच्या न बोललेल्या थकव्याचे ओझेच जास्त होते. बोलून वाटणी झाली की त्या निर्धास्तपणे शिकतात.

प्रश्न : मी धुळ्यात तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात माझ्या पाळीत एका बाईंचे बाळ मृत जन्मले. मीच त्यांचा हात धरून होते. मैत्रिणी म्हणतात, सवय होईल. जेवण जात नाही, पाळीला जाताना छाती धडधडते. हे शिक्षण आपल्याकडून मनाचा असा भाग मागणार असेल, तर ते सोडावे का? आणि त्या बाई अजून वॉर्डात आहेत, त्यांना भेटावे का?
– एक विद्यार्थिनी, धुळे

उत्तर : आठवड्याभराच्या दुःखावरून शिक्षण सोडण्याचा निर्णय घेऊ नका. मैत्रिणी म्हणतात तशी सवय व्हावी अशी माझी इच्छा नाही. हाताला सवय व्हावी, म्हणजे अशा वेळीही पुढची कामे चुकत नाहीत. मनाला ती झालीच पाहिजे असा कुठे नियम नाही. तुमच्या पाठ्यनिर्देशिकेजवळ (ट्यूटरजवळ) बसा आणि त्या पाळीत पहिल्यापासून शेवटपर्यंत काय काय घडले ते क्रमाने सांगा. तुमच्या हातून काही राहून गेले का ही शंका मनाला खात असेल, तर तिचे उत्तर पार्टोग्राफ आणि नोंदी समोर ठेवूनच मिळेल, वसतिगृहाच्या खोलीत एकटीने विचार करून मिळणार नाही. अशा घटनेनंतर विद्यार्थिनीला बोलते करणे हे खरे तर संस्थेचेच काम आहे. कुणी विचारले नसेल तर आपण होऊन मागा. दोन आठवड्यांनंतरही जेवण आणि झोप रुळावर आली नाही, तर समुपदेशकाकडे जा. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.

त्या बाईंना अवश्य भेटा, मात्र परिसेविकेला विचारून. बाळ का गेले याची चर्चा तुम्ही करू नका, ती डॉक्टरांनी करायची आहे. ताप आहे का, रक्तस्राव किती आहे, हे विचारा. बाळ नसले तरी दोन-तीन दिवसांत दूध येते आणि छाती दाटून ठणकू लागते. त्याविषयी अशा बाईला बहुधा कुणीच विचारत नाही, आणि लाजेने तीही बोलत नाही. नीट आधार देणारी चोळी घालावी, थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवाव्यात, फारच दाटले तर आराम पडेल इतकेच थोडे दूध काढावे, लाली किंवा थंडीताप आला तर लगेच सांगावे, हे त्यांना आणि त्यांच्याजवळ बसलेल्या बाईला समजावून सांगा.